हाड खंय टाकल्यानी?

मी फोंडाघाटची, न्यूरोसर्जरी वॉर्डात नर्स. घाटात बाइक घसरली की आमची माणसं जखमीला कोल्हापूर नाहीतर गोव्यात बांबुळीला पळवतात. मार लागलेला मेंदू सुजतो; कवटी ताणली जात नाही. आतला दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरवर रेंगाळला, औषधांना बधला नाही, तर सर्जन कवटीचा मोठा तुकडा काढतात, खालचं आवरणही उघडतात.

"हाड खंय टाकल्यानी गो?" आया हमखास विचारतात. टाकत नाहीत, डीप फ्रीझरमध्ये किंवा पोटाच्या कातडीखाली जपतात. खोकला आला की हाड नसलेली ती मऊ जागा फुगते.

२०१६च्या ४०८ रुग्णांच्या अभ्यासात या शस्त्रक्रियेमुळे सहा महिन्यांतले मृत्यू ४९वरून २७ टक्क्यांवर आले. मात्र भान हरपलेले जास्त उरले. नातेवाइकांची सही घेण्याआधी हे सांगायलाच हवं. हाड बसवतात काही आठवड्यांनी, महिन्यांनी. तोवर त्या कुशीवर झोपायचं नाही.