वीज, बाजार आणि हातातले कसब
राधानगरी खोऱ्याच्या सव्वाशे वर्षांचा आर्थिक धडा

एखाद्या मुलखाची भरभराट कशाने होते, या प्रश्नाला आपल्याकडे तीन ठरावीक उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, वीज आली की उद्योग येतात. कोणी म्हणतो, मालाला बाजार मिळाला की बाकीचे आपोआप होते. तिसरा म्हणतो, मुलांना तांत्रिक शिक्षण द्या. तिन्ही उत्तरे खरी आहेत, पण एकेकटी घेतली तर तिन्ही अपुरी आहेत. हे पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा राधानगरी तालुक्याकडे पाहून लवकर समजते. या एका तालुक्यात राधानगरी, काळम्मावाडी आणि तुळशी अशी तीन धरणे आहेत. पाण्यावर वीज होते, खाली ऊस पिकतो, डोंगरात बॉक्साइट आहे. आणि तरीही येथील तरुणाला कामासाठी कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईची वाट धरावी लागते. असे का व्हावे?

आधी बाजार

कोल्हापूर संस्थानात या तिन्हींपैकी पहिला आला तो बाजार. 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि संस्थानचा माल देशाच्या बाजाराला जोडला गेला. 1894 मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि लगेच 1895 मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. रेल्वे स्थानकाच्या जवळच वसलेली ही पेठ गुळाच्या व्यापारासाठी नावारूपाला आली.

गूळ हे आपल्या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. गुऱ्हाळात ऊर्जा बाहेरून आणावी लागत नाही. रस काढून उरलेली चिपाडे वाळवून चुलवाणात घालतात, त्यावरच काहील तापते. कसब असते ते गुळव्याच्या डोळ्यांत. मळी कधी काढायची, भेंडीचे पाणी किती घालायचे, काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरवायची, हे तो रसाच्या रंगावरून आणि बुडबुड्यांवरून ठरवतो. क्षणाचा उशीर झाला तर रंग बिघडतो आणि रंग बिघडला की भाव पडतो. शाहूपुरीचा व्यापारी आणि त्याच्यामागचा गुजरातचा गिऱ्हाईक या कसबाची किंमत मोजत होता. ऊर्जा, कसब आणि बाजार एकत्र आले, म्हणून कोल्हापुरी गुळाचे नाव झाले. 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच नावाला.

मग पाणी आणि वीज

बाजार असला तरी पावसावरच्या शेतीतून किती माल येणार? भोगावती नदीवर फेजिवडे गावाजवळ धरण बांधण्याचा शाहू महाराजांचा संकल्प या विचारातून आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काम सुरू झाले. महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्या नावावरून वसाहतीला राधानगरी हे नाव मिळाले. पण पहिल्या महायुद्धाच्या काळातील महागाई आणि पैशाची चणचण यांमुळे काम थांबले. 1922 मध्ये महाराजांचे निधन झाले तेव्हा धरण अपुरेच होते. राजाराम महाराजांच्या काळात ते पुन्हा हाती घेतले गेले आणि पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर.

आज या धरणात सुमारे 8.36 टीएमसी पाणी साठते. पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या आपण वाचतो. हे दरवाजे विजेवर नव्हे, तर पाण्याच्या दाबावर उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. पायथ्याच्या जुन्या वीजगृहाची क्षमता 4.8 मेगावॅट. सर्व जनित्रे वर्षभर अखंड चालली तर सुमारे 4.2 कोटी युनिट वीज होईल. प्रत्यक्षात ती बरीच कमी होते, कारण वीज ही येथे सिंचनाची सोबतीण आहे. शेतीसाठी पाणी सुटते तेव्हा ते जनित्रावरून जाते. शेजारच्या काळम्मावाडीची क्षमता 24 मेगावॅट आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वीज गावाजवळ तयार होते म्हणून ती गावाची होत नाही. ती तारांच्या जाळ्यात जाते आणि जिथे तिचा वापर करणारे यंत्र व ते चालवणारा हात असतो, तिथे तिचे मोल वाढते. खोऱ्याला या प्रकल्पाचा मोठा लाभ झाला तो पाण्याचा. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, काठावरचे पंप आणि उपसा सिंचन यांमुळे उसाचे क्षेत्र वाढले. परिते येथील भोगावती आणि बिद्री येथील दूधगंगा-वेदगंगा हे सहकारी साखर कारखाने याच पाण्यावर उभे राहिले.

विजेचे प्रमाण जितके महत्त्वाचे, तितकीच तिची वेळही. शेतीची वीज रात्री आली तर शेतकऱ्याला अंधारात मोटर सुरू करायला जावे लागते, आणि दाजीपूरच्या जंगलालगतच्या शिवारात त्या वेळी गवा उभा असू शकतो. 2017 पासून राबवली जाणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठी आहे. ती या भागात सोयीपेक्षा सुरक्षिततेची बाब आहे.

कसब कोठे रुजले?

कसबाचा इतिहास मात्र धरणाजवळ नाही, कोल्हापूर शहरात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिल्या महायुद्धात नांगरांसाठी लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा त्यांना वितळवायला दिल्या, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पुढे विहिरीवरच्या मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली, गुऱ्हाळाचा चरकही इंजिनावर फिरू लागला. इंजिन बिघडले की दुरुस्त करणारा हवा, सुटा भाग मिळाला नाही की ओतून देणारा हवा. या गरजेतून शहरात यंत्रशाळा आणि ओतकामाच्या भट्ट्या वाढल्या. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही या परंपरेतली आदराने घेतली जाणारी नावे. येथील कारागीर महाविद्यालयापेक्षा भट्टीजवळ आणि लेथवर अधिक घडले. उद्यमनगरपासून सुरू झालेला हा प्रवास पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत गेला आणि मोटारींचे सुटे भाग ओतू लागला.

या कहाणीतला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. शेतकरी हा गिऱ्हाईक समोर होता, म्हणून कसब शिकण्यात अर्थ होता. गिऱ्हाईक नसता, तर शिकलेला कारागीर दुसऱ्या गावी गेला असता.

ग्रामीण भागात तंत्रशिक्षण नेण्याचा विचारपूर्वक प्रयत्न राधानगरीच्या शेजारीच झाला. भुदरगड तालुक्यात गारगोटीला शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभे केले. तेथील स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकीची संस्था आजही नावाजलेली आहे. हेच नाईक पुढे 1964-66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. या आयोगाने शाळेत कार्यानुभव असावा असा आग्रह धरला. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत त्याचे रूपांतर राख्या आणि कागदी फुलांत झाले, हा भाग वेगळा!

दुवा तुटला की

तीनपैकी दोन गोष्टी नसल्या तर काय होते, ते बॉक्साइट सांगते. तालुक्यातील दुर्गमानवाडच्या खाणीतले बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यासाठी गेले. साधारण चार टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन ॲल्युमिनियम मिळते. शेवटच्या टप्प्याला टनामागे सुमारे चौदा हजार युनिट वीज लागते. म्हणजे राधानगरीचे जुने वीजगृह वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले, तरी ती वीज जेमतेम तीन हजार टनांना पुरेल. मोठा धातुउद्योग येथे उभा राहणे शक्यच नव्हते. परिणाम असा, की गावाला मिळाली ती खोदाईची आणि वाहतुकीची मजुरी. मातीतून धातू होताना जे मोल वाढते, ते दुसरीकडे वाढले.

आज काय करता येईल?

धडा असा, की तालुक्याने मोठ्या कारखान्याची वाट पाहत बसू नये. येथे गिऱ्हाईक आधीच आहे. हजारो पंप आहेत, त्यांच्या मोटरींचे वायंडिंग जळते. उपसा योजनांची देखभाल आहे. सौर संच बसत आहेत. कारखान्यांत चिपाडावर वीजनिर्मिती होते, तिथे बॉयलर आणि टर्बाइन जाणणारी माणसे लागतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतले अभ्यासक्रम या गरजांशी जोडले पाहिजेत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात शिकण्याची वाट खुली केली आहे. जर्मनीत शिकाऊ तरुण आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात घालवतो. आपल्याकडे उद्यमनगरात उस्ताद हेच करत होते, फक्त शाळा आणि प्रमाणपत्र तेवढे नव्हते.

प्रमाणपत्राचा प्रश्न गुळव्यालाही लागू आहे. मानांकन गुळाला मिळाले, पण तो करणाऱ्याच्या कसबाला अभ्यासक्रमांत फारशी जागा नाही. त्यामुळे त्याची मुले ते शिकत नाहीत, आणि कसबी माणूस मिळेना म्हणूनही गुऱ्हाळे थंडावतात. भौगोलिक नाव टिकवायचे असेल तर हात टिकवावा लागेल.

शाहू महाराजांनी पेठ वसवली, धरणाचा पाया घातला, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ही कामे वेगवेगळ्या खात्यांची दिसतात, पण त्यांमागे विचार एकच होता. रयतेच्या घामाला मोल मिळावे आणि ते तिच्याच पदरात पडावे. धरण पुरे व्हायला कित्येक दशके लागली. धरणाखालच्या गावांतील मुलांच्या हातात कसब देण्याचे काम मात्र अजून अपुरे आहे. त्यासाठी नवे धरण लागत नाही.