पायातला स्क्रू का कुरकुरतो?

चल, एक गंमत करू! मोजा काढ आणि घोट्यावर बाहेरच्या बाजूनं बोट फिरव. लागलं ना टणक हाड? वर नुसती कातडी! आता मांडी दाबून बघ. तिथलं हाड लागतंय का हाताला? छे! ते मांसात खोल दडून बसलंय. एवढं लक्षात ठेव हं. पुढे कामाला येणार आहे!

घोट्याचं हाड मोडून तुकडे सरकले, तर कधी कधी नुसत्या प्लास्टरनं भागत नाही. मग डॉक्टर ऑपरेशन करतात. तुकडे नीट जुळवतात, वर धातूची पट्टी ठेवतात आणि ती हाडाला स्क्रूनं घट्ट आवळतात. हो, खरेखुरे आटे असलेले स्क्रू! "पायात प्लेट टाकलीय" असं मोठी माणसं म्हणतात, ती हीच.

आता ओळख पाहू, मोडलेलं हाड जोडतं कोण? प्लेट? अजिबात नाही! हाड स्वतःच स्वतःला जोडतं! नव्या स्लॅबला तो पक्का होईपर्यंत खालून टेकू लावतात ना? प्लेट म्हणजे तसा टेकू. तुकडे हलू द्यायचे नाहीत, एवढंच तिचं काम.

मग हाड जुळलं, एक्स-रे छान आला, तरी दुखतं कसं?

आठव तो घोटा! स्क्रूचं डोकं कातडीच्या अगदी खाली असतं. त्यावर शाळेचा बूट घासतो. दर पावलाला घासतो! गळ्याखालच्या आडव्या हाडावर प्लेट असेल, तर दप्तराचा पट्टा रुततो. कोपरात असेल, तर बाकावर कोपर टेकवताच कळ येते.

आणि ही तर कमालच! लहान मुलांचं मांडीचं हाड मोडलं, तर कधी कधी हाडाच्या पोकळीत लवचीक, बारीक रॉड घालतात. रॉड मांडीत, पण दुखतं कुठे? गुडघ्याजवळ! कारण बहुतेक वेळा रॉड तिथूनच आत सरकवतात. त्याचं टोक तिथेच थोडं बाहेर राहतं आणि गुडघा वाकवला की टोचतं.

म्हणून एखादी मैत्रीण म्हणाली, "माझी प्लेट दुखतेय," तर ते नाटक नसतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, घासणारा बूट दिसत नाही!

थांब, अजून एक गंमत. 1886 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कार्ल हान्समान नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या प्लेटचं एक टोक आणि स्क्रूच्या लांब दांड्या चक्क कातडीतून बाहेर डोकावायच्या! का? हाड जुळलं की पुन्हा कापाकापी न करता सगळं बाहेरूनच काढता यावं म्हणून. आहे ना डोकॅलिटी? पण अशा उघड्या वाटेनं जंतू आत शिरू शकतात. म्हणून आता प्लेट पूर्ण आत झाकतात.

मग ती काढायची कशी? फार त्रास होत असेल आणि हाड पक्कं जुळलं असेल, तर छोटं ऑपरेशन करून. त्रास नसेल, तर कित्येक मोठी माणसं ती जन्मभर तशीच ठेवतात. मॅग्नेशियमचे काही स्क्रू तर शरीरात हळूहळू विरघळूनच जातात!

स्क्रू काढला की हाडाला काय पडतं? भोक! आणि ते कोण बुजवतं? पुन्हा हाडच! नवं हाड तयार होतं आणि भोक भरत जातं. पण त्याला काही महिने लागतात. तोवर तिथे हाड जरा कच्चं असतं. म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत लंगडी नाही, खो-खो नाही, कबड्डी तर नाहीच.

तुला किंवा तुझ्या दोस्ताला असं दुखत असेल, तर गप्प बसायचं नाही. नेमकं कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवायचं आणि कधी दुखतं तेही सांगायचं. चालताना? बूट घातल्यावर? की रात्री झोपेतसुद्धा? डॉक्टरांना त्यावरून खूप कळतं. जागा लाल झाली, सुजली, पू आला किंवा ताप आला, तर मात्र उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि हो, काढलेला स्क्रू बघायचा असेल, तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेव. काही डॉक्टर तो स्वच्छ करून डबीत घालून देतात!