आपला ठावठिकाणा दुसऱ्यास कळविण्याची मोबाईलमधील सोय

शेतांतील वस्तीवर राहणाऱ्या मनुष्यास आपलें ठिकाण परक्यास समजावून सांगणें किती कठीण जातें हें आमच्या सभासद बंधूंस सांगावयास नको. शहरांत रस्त्यास नांव असतें, घरास नंबर असतो, कोपऱ्यावर पाटी असते. आपल्याकडे "मारुतीच्या देवळावरून खालच्या अंगास वळा, ओढा ओलांडा, जुन्या लिंबापाशीं चाकोरी फुटते तिनें या" असा पत्ता असतो; आणि तो लिंब गेल्या वळवाच्या वादळांत पडलेला असतो. बियाण्याची गाडी किंवा बोअर मारणारें यंत्र तासभर चुकलें तर नुकसान थोडें. परंतु रात्रीं पिकास दारें धरतांना कोणास पान लागलें आणि रुग्णवाहिका दोन मैलांवर भलत्याच वस्तीसमोर भोंगा वाजवीत उभी राहिली, तर त्या तासाची किंमत काय होते तें ज्या घरावर प्रसंग आला तें घरच जाणे.

या अडचणीवरील उपाय आज बहुतेकांच्या खिशांत आहे. स्मार्टफोनवर बाजारभाव पाहणारे व व्हॉट्सॲपवर सकाळ-संध्याकाळ सुविचार पाठविणारे आमचे बंधु पुष्कळ आहेत. परंतु 'मी या क्षणीं कोठें आहे' हें दुसऱ्यास बिनचूक कळविण्याची सोय त्याच यंत्रांत आहे, तिची माहिती मात्र घरांतील शाळकरी पोरास असते व कर्त्या माणसास नसते. सबब तिची हकीकत थोडी विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं बंधु म्हणतील कीं, शेतास गट नंबर आहे, तो सांगितला म्हणजे झालें. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें गट नंबराविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. तथापि तो नंबर कशासाठीं आहे हें ध्यानांत घेतलें पाहिजे. मालकी, क्षेत्र व आकार यांची नोंद ठेवण्याकरितां तो आहे. त्याचा अंमल गांवच्या हद्दीपुरताच. शेजारच्या गांवीं गेलें कीं तेथेंही गट नंबर ४५ असतोच. शिवाय तो जमिनीवर कोठें पडतो हें तलाठ्यास, म्हणजे ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यास, व मोजणीदारास ठाऊक. रात्रीं गाडी हांकणाऱ्यास नव्हे.

पृथ्वीवरील प्रत्येक जागेस मात्र दोन आंकड्यांचा असा एक पत्ता आहे कीं तो जगांत दुसऱ्या कोणत्याही जागेस लागत नाहीं. विषुववृत्तापासून उत्तरेस किंवा दक्षिणेस किती अंश हें अक्षांश, आणि इंग्लंडांतील ग्रिनिचवरून जाणाऱ्या रेषेपासून पूर्वेस किंवा पश्चिमेस किती अंश हें रेखांश. आपल्या महाराष्ट्रांतील शेताचा पहिला आंकडा सुमारें साडेपंधरा ते बावीस व दुसरा सुमारें साडेबहात्तर ते एक्याऐंशी यांच्या दरम्यान पडतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. म्हणून नुसते अंश सांगून उपयोग नाहीं, दशांश चिन्हापुढील अंकांतच सर्व कांहीं आहे. पुढील पहिला अंक एकानें बदलला तर ठिकाण ११ किलोमीटर सरकतें, दुसरा बदलला तर सुमारें १ किलोमीटर, तिसरा बदलला तर १११ मीटर आणि चौथा बदलला तर ११ मीटर. जुन्या मुंबई इलाख्यांतील मोजणीची सांखळी ३३ फुटांची, म्हणजे सुमारें १० मीटर असे, आणि एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद एवढी जागा म्हणजेच आपला गुंठा. तेव्हां चौथ्या अंकापर्यंत पत्ता सांगितला कीं तो गुंठ्यापर्यंत सांगितल्यासारखा झाला. रेखांशाचा अंश आपल्याकडे किंचित लहान, सुमारें १०५ किलोमीटर भरतो. पण हिशेब तोच. पांचवा अंक तर दोन-अडीच हातांवर येतो.

हे आंकडे सांगतांना क्रम बदलूं नये. १९.२ व ७४.५ हे आंकडे अहिल्यानगर जिल्ह्यांतील जागा दाखवितात. तेच उलटे सांगितले तर नॉर्वे देशाच्या उत्तरेस थंड समुद्रांतील एका बेटानजीक गाडी धाडावी लागेल.

हें कांहीं अगदींच नवें नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तींत शेतांत उभें राहून पिकाचा जो फोटो काढावा लागतो त्याजबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. म्हणजे ज्यांनीं ती पाहणी केली त्यांनीं हे आंकडे नकळत वापरलेच आहेत.

आतां मोबाईलला हे आंकडे कळतात कसे? पुष्कळांची समजूत अशी कीं, वरून उपग्रह आपणांस पाहत असतो. तसें नाहीं. उपग्रह बोलतो व मोबाईल ऐकतो, एवढाच व्यवहार आहे. अमेरिकेनें १९७८ सालीं या कामाचा पहिला उपग्रह सोडला व १९९५ पर्यंत ती व्यवस्था पुरी केली. तिलाच जीपीएस म्हणतात. हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून 'माझ्या घड्याळांत आतां अमुक वेळ झाली, मी अमुक ठिकाणीं आहें' असा संदेश सतत पाठवीत असतात. तो संदेश प्रकाशाच्या वेगानें येतो, तरी त्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग लागतो. वीज चमकल्यानंतर गडगडाट किती वेळानें आला यावरून वीज किती लांब पडली हें आपण अजमावितों, त्याच रीतीनें मोबाईल प्रत्येक उपग्रहाचें अंतर काढतो. तीन हद्दीच्या दगडांपासून सांखळीनें अंतर घेतलें म्हणजे मधल्या खुणेची जागा जशी पक्की होते तशीच येथें होते. फक्त मोबाईलचें घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाइतकें बिनचूक नसल्यामुळें चौथा उपग्रह लागतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरिकांसाठींच्या संदेशांत जाणूनबुजून चूक मिसळीत असे; ती बंद केल्यावर ही सोय सामान्य माणसाच्या कामाची झाली. पुढें रशिया, युरोप व चीन यांनींही आपापल्या व्यवस्था उभ्या केल्या, आणि भारतानें २०१३ सालीं पहिला उपग्रह सोडून 'नाविक' या आपल्या व्यवस्थेस आरंभ केला.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, ठिकाण कळण्यास आभाळ मोकळें पाहिजे. मोकळ्या रानांत चांगला मोबाईल पांच मीटरांच्या आसपास बरोबर सांगतो. पत्र्याच्या छपराखालीं, दाट आमराईंत किंवा खोल घळींत तोच घोटाळतो. म्हणून पडवींतून बाहेर अंगणांत येऊन मिनिटभर थांबावें. दुसरी गोष्ट, ठिकाण *कळण्यास* इंटरनेट लागत नाहीं, तें *पाठविण्यास* लागतें. रेंज अगदीं मंद असेल तेव्हां या भेदाचा फार उपयोग होतो. तो पुढें सांगतों.

पाठविण्याची रीत अशी. मोबाईलमधील 'लोकेशन' चालू करावें. व्हॉट्सॲपमध्यें ज्यास कळवावयाचें त्याचें पान उघडून, लिहिण्याच्या जागेजवळ कागद टांचण्याच्या क्लिपेसारखें चिन्ह असतें (आयफोनवर अधिकाचें चिन्ह असतें) तें दाबावें व 'लोकेशन' निवडावें. नकाशा उघडतो. त्याखालीं 'सेंड युवर करंट लोकेशन' अशी ओळ असते व तिच्याखालीं 'इतक्या मीटरपर्यंत बरोबर' अशा अर्थाचा मजकूर बारीक अक्षरांत असतो. हा आंकडा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तो पांचशें असतांना घाईनें बोट दाबलें तर तुमची वस्ती सोडून दुसऱ्याच कोणाची वस्ती पाठविली जाते. तो वीसच्या खालीं येईपर्यंत थांबावें. त्याच पानावर खालीं जवळपासच्या दुकानांची व देवळांची यादी असते. तींतील नांवास बोट लागलें कीं तुमच्याऐवजीं किराणा दुकान पाठविलें जातें. कित्येक मोबाईलांत ॲपला परवानगी देतांना 'प्रिसाइज' म्हणजे तंतोतंत व 'अप्रॉक्सिमेट' म्हणजे अजमासें असे दोन पर्याय असतात. दुसरा दिलेला असला तर कितीही वेळ अंगणांत उभें राहिलें तरी जागा पक्की होत नाहीं.

रेंज मंद असल्यास गूगल मॅप्स उघडून, आपली जागा दाखविणारा जो निळा ठिपका असतो त्यावर बोट दाबून धरावें. वर किंवा खालीं ते दोन आंकडे दिसतात. ते साध्या संदेशानें पाठवावे किंवा फोनवरून एकेक अंक सावकाश वाचून दाखवावे व समोरच्याकडून परत वाचून घ्यावे. जमाबंदीचे आंकडे आम्ही असेच ताडून पाहत असूं. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

प्रसंग रुग्णाचा असेल तर प्रथम १०८ किंवा ११२ या नंबरास फोन करावा, ठिकाण नंतर. बोलतांना जिल्हा, तालुका, गांव असा क्रम ठेवावा, कारण गाडी कोठून सोडावयाची हें त्यावरून ठरतें. मग गाडीच्या चालकाचा नंबर मागून घेऊन त्यास ठिकाण पाठवावें. परंतु नुसतें पाठवून स्वस्थ बसूं नये. नकाशास रस्त्याची रेघ दिसते, चिखल दिसत नाहीं. पाटाच्या भरावावरील वाट त्यास जवळची वाटते व गाडी तेथें रुतते. आम्ही तर असें सुचवूं कीं, वस्तीचें ठिकाण न पाठवितां, जेथपर्यंत गाडी खात्रीनें येते त्या डांबरी फांट्याचें ठिकाण पाठवावें, तेथें बॅटरी देऊन एक माणूस उभा करावा व रुग्णास बैलगाडींतून किंवा ट्रॅक्टरवरून तेथवर आणावें. सर्पदंश असेल तर रुग्णास चालवूं नये, जखम कापूं नये, करकचून दोरी बांधूं नये, आणि मांत्रिकाकडे जाण्यांत तर एक क्षणही दवडूं नये. लस दवाखान्यांतच असते.

वर सांगितलें तें एका क्षणाचें ठिकाण झालें. दुसरा प्रकार चालत्या ठिकाणाचा, ज्यास 'लाईव्ह लोकेशन' म्हणतात. हा व्हॉट्सॲपमध्यें २०१७ सालीं आला. यांत पंधरा मिनिटें, एक तास किंवा आठ तास अशी मुदत ठरवितां येते व तेवढा वेळ तुमचा ठिपका समोरच्याच्या नकाशावर हालत राहतो. द्राक्षांची गाडी रात्रीं वाशीच्या बाजारास निघाली तर ती घाट उतरली कीं नाहीं हें घरबसल्या कळतें. आषाढीच्या वारींत दिंडी पुढें व स्वयंपाकाचा ट्रक मागें अडकला तर विणेकऱ्यानें फोनवर ओरडत बसण्याचें कारण उरत नाहीं. तालुक्याहून शेवटच्या एस.टी.नें येणारी मुलगी फांट्यावर उतरली हें आईस कळतें. बॅटरी मात्र भराभर उतरते, आणि रेंज गेली कीं ठिपका शेवटच्या जागीं थबकतो; माणूस तेथेंच बसला आहे असें मानून घाबरूं नये.

गूगल मॅप्समध्येंही अशीच सोय आहे. तींत 'मी बंद करीपर्यंत' अशीही मुदत असते, आणि मोबाईलमध्यें बॅटरी किती उरली हेंही समोरच्यास दिसतें. म्हाताऱ्या आईवडिलांसाठीं हें सोयीचें. पण एकदां चालू केलेलें आपण विसरतों व दोन वर्षें आपला प्रत्येक फेरा कोणी पाहत राहतो. तशी मुदत देऊंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे. तसेंच गावकीच्या दोनशें जणांच्या ग्रुपवर आपलें चालतें ठिकाण टाकणें म्हणजे घरास कुलूप आहे हें दवंडी पिटून सांगणें होय. एका क्षणाचें ठिकाण पाठविलें असेल तर त्यास मुदतच नसते. तो मजकूर समोरच्याकडे राहतो, म्हणून अनोळखी व्यापाऱ्यास घराचें न देतां फांट्याचें द्यावें.

हल्लीं कांहीं मुकादम ऊसतोडणीच्या टोळींतील माणसांस दिवसभर ठिकाण चालू ठेवण्यास सांगतात असें कानावर येतें. फडांत किती वाजतां गेलों हें विचारण्याचा त्यास अधिकार असेल. काम सुटल्यावर रात्रीं टोळींतील बायामाणसें कोठें आहेत हें पाहण्याचा नाहीं. काम सुटतांच तें बंद करावें, व मुकादमानें हरकत घेतल्यास चारचौघांत विचारावें. घरांतही लेकीसुनेच्या मोबाईलवर तिला न सांगतां अशी सोय चालू करून ठेवणें हें पाळत ठेवणेंच आहे. त्यास काळजी हें नांव देऊं नये.

या सर्व कामास नवें ॲप लागत नाहीं व पैसाही पडत नाहीं. शेतकरी सन्मान निधीच्या किंवा बँकेच्या नांवानें एपीके अशी अखेर असलेली फाईल व्हॉट्सॲपवर येते व 'ठिकाण नोंदवा' म्हणून सांगते, ती उघडूं नये. तिनें बँकेंतील रक्कम जाते.

आतां एक काम पावसाळ्यापूर्वीं घर शाकारतांनाच उरकावें. दिवसाउजेडीं दारापुढें मोकळ्या आभाळाखालीं उभें राहून वस्तीचे दोन्ही आंकडे घ्यावे, दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या मोबाईलवर ताडावे, चौथा अंक जुळला कीं दाराशेजारच्या भिंतीवर तैलरंगानें लिहावे. पहिल्या ओळींत अक्षांश, दुसरींत रेखांश, तिसरींत गांव, तालुका, जिल्हा व १०८. तसेच विहिरीवरील पंपाच्या पेटीवर विहिरीचे लिहावे, म्हणजे राखणीस ठेवलेल्या परगांवच्या गड्यासही ते वाचून दाखवितां येतील. खडूनें लिहूं नयेत. पहिल्या सरींत जातात.