वेब मिलरने मोजलेली माणसं

दांडीला मीठ उचललं ते ६ एप्रिल १९३० ला. सरकारने खरे दात दाखवले ते मे महिन्यात. ५ मेला, मध्यरात्र उलटल्यावर, कराडीच्या मुक्कामी गांधीजींना पकडलं. १८२७ चं एक जुनाट रेग्युलेशन काढून, खटला न चालवता. मागोमाग त्यांच्या जागी आलेले अब्बास तय्यबजीही पकडले गेले. धारासनाच्या मिठागरावरच्या चढाईची सूत्रं सरोजिनी नायडूंकडे आली आणि २१ मेला सुमारे अडीच हजार स्वयंसेवक तिथे जमले.

युनायटेड प्रेसचा अमेरिकन वार्ताहर वेब मिलर त्या दिवशी डुंगरी स्टेशनावरून पायी तिथे पोहोचला होता. त्याने पाहिलेलं १९३६ च्या आठवणींच्या पुस्तकात सविस्तर आहे. काटेरी तारांकडे रांगेने माणसं येतात, लोखंड बसवलेल्या लाठ्या उघड्या डोक्यांवर पडतात, आणि वार अडवायला एकाचाही हात वर जात नाही. पुढे जमिनीवर बसून राहिलेल्यांना पोलिसांनी लाथा घातल्या, ओढत नेऊन खंदकात फेकलं. एकाला फेकताना उडालेलं गढूळ पाणी मिलरच्या अंगावर आलं. निमूट मार खाणाऱ्यांचाही आपल्याला संताप आला, हे तो लपवत नाही. त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

त्याचं सर्वांत मोठं काम मला वाटतं ते त्यानंतरचं. जखमींना ठेवलं होतं त्या छपरीत तो स्वतः गेला आणि माणसं मोजली. ३२० जखमी, त्यांतले कित्येक बेशुद्ध, दोघे दगावलेले. सरकारने त्याच्या तारा अडवल्या, तेव्हा भांडून त्याने बातमी बाहेर काढली. ती जगभरच्या तेराशेहून अधिक वर्तमानपत्रांत छापून आली.

आपल्याकडेही ते दिवस तसेच पेटलेले होते. सोलापुरात ८ मेला गोळीबार झाला, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. वडाळ्याच्या मिठागरावर १ जूनला हजारोंची झुंबड उडाली. हुतात्म्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. लाठी खाऊन घरी परतलेल्यांची मोजदाद मात्र गावोगाव राहून गेली.

म्हणून आजोबा-पणजोबांची तीस सालातली वही, तुरुंगातलं पत्र घरात सापडलं, तर रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयात नेऊन द्या, आणि ती कुणाची, कुठली, हे वर लिहून द्या.