मूळ फाइल सिस्टिमचे माउंट : लिनक्समधील एक अन्योन्याश्रय

संगणक सुरू झाल्यावर बूटलोडर लिनक्सचा कर्नल मेमरीत आणतो आणि कारभार त्याच्या स्वाधीन करून निवृत्त होतो. यानंतर कर्नलला मूळ फाइल सिस्टिम, म्हणजे जिच्यापासून सर्व फाइलींच्या मार्गांचा आरंभ होतो ती, माउंट करावी लागते. कारण ‘इनिट’ हा पहिला प्रोग्रॅम तिच्यातच असतो. परंतु ती ज्या डिस्कवर आहे ती वाचण्यास ड्रायव्हर हवा, आणि तो ड्रायव्हर पुष्कळदा मॉड्यूलच्या रूपाने त्याच डिस्कवर ठेवलेला असतो. नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात, तो दोष येथे अक्षरशः उद्भवतो.

सर्व ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून टाकावेत, हा उपाय एखाद्या ठराविक यंत्रापुरता चालतो. नाना प्रकारच्या यंत्रांवर चालावयाच्या कर्नलला तो परवडत नाही. शिवाय डिस्क कूटबद्ध असल्यास परवलीचा शब्द विचारीत बसणे हे कर्नलचे काम नव्हेच. म्हणून 2003 साली प्रसिद्ध झालेल्या 2.6 आवृत्तीत ‘इनिटरॅमएफएस’ ही योजना आली. बूटलोडर कर्नलसमवेत सीपीआयओ पद्धतीचे एक गाठोडे मेमरीत आणतो. कर्नल ते मेमरीतच असलेल्या ‘रूटएफएस’मध्ये उलगडतो, आणि त्यात ‘इनिट’ आढळल्यास त्यालाच क्रमांक 1 ची प्रक्रिया म्हणून चालवितो. हा इनिट आवश्यक ती मॉड्यूल भरतो, डिस्क प्रकट होण्याची वाट पाहतो (यूएसबीवरील डिस्क या बाबतीत विशेष मंद असतात) आणि खरी फाइल सिस्टिम, बहुधा प्रथम केवळ वाचनापुरती, माउंट करतो.

आता जुन्या मुळाचे काय करावयाचे? या रचनेत रूटएफएस उतरविता येत नाही. त्यामुळे ‘स्विच रूट’ हा प्रोग्रॅम त्यातील फाइली पुसून मेमरी मोकळी करतो, नवी फाइल सिस्टिम मुळाच्या स्थानी सरकवितो आणि तिच्यातील इनिट त्याच क्रमांक 1 खाली सुरू करून देतो. जुने मूळ नष्ट होत नाही. ते केवळ झाकले जाते.

ही साखळी तुटली की कर्नल ‘पॅनिक’ घोषित करतो, आणि त्या संदेशाच्या शेवटी कंसात दोन अंक येतात. विद्यार्थी बहुधा संदेश वाचून घाबरतात व अंकांकडे पाहत नाहीत. वास्तविक निदान अंकांतच असते. ‘0,0’ म्हणजे मुळासाठी सांगितलेले उपकरण कर्नलला सापडलेच नाही : ड्रायव्हर नाही, अथवा नाव चुकले. ‘8,1’ असल्यास पहिल्या स्कझी-वर्गीय डिस्कचा पहिला विभाग कर्नलला ठाऊक आहे, मात्र त्यावरील फाइल सिस्टिम त्याला माउंट करता आली नाही. पहिल्या प्रकाराचे एक फसवे कारण नमूद केले पाहिजे. ‘यूयूआयडी’ ही खूण फाइल सिस्टिमच्या पोटात लिहिलेली असते आणि ती शोधण्याचे काम इनिटरॅमएफएसमधील प्रोग्रॅम करतात. ते गाठोडे नसताना बूटच्या आज्ञेत ही खूण दिली, तर डिस्क व ड्रायव्हर दोन्ही ठीक असूनही ‘0,0’ हेच अंक दिसतात. विभागांच्या तक्त्यात नोंदलेली ‘पार्टयूयूआयडी’ मात्र कर्नल स्वतः ओळखतो.