वाघाच्या राज्यातला रानपिंगळा

ताडोब्याहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये वाघ असतो. मेळघाटाहून परतलेल्याच्या मोबाइलमध्ये बहुधा डोंगर. यात मेळघाटातल्या वाघांचा दोष नाही. अमरावती जिल्ह्यातलं हे जंगल सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत पसरलं आहे. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मध्ये साग आणि बांबू. जिप्सीच्या रस्त्यावरून दिसतो तो या पसाऱ्याचा एक चिंचोळा पट्टा. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटही होतं. इथला वाघ वनकर्मचाऱ्यांना भेटतो तोही जास्त करून पाऊलखुणांतून, झाडाच्या बुंध्यावरच्या ओरखड्यांतून आणि कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतून. दोन वाघांचे पट्टे कधी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे फोटोवरून कोणता वाघ कुठे फिरला ते कळतं.

पण वाघासाठी डोळ्यांत तेल घालून बसलेल्या पर्यटकाच्या डोक्यावरच, भर दिवसा, वाघापेक्षाही दुर्मीळ प्राणी बसलेला असू शकतो. त्याचं नाव रानपिंगळा.

सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर वीतभर उंचीचं एक घुबड उन्हात बसलेलं असतं. गावाकडच्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. याचं जवळजवळ कोरं, राखाडी-तपकिरी. शरीराच्या मानाने पंजे दणकट. काही हललं की तो शेपटी झटक्यात डावी-उजवीकडे हलवतो, खाली नजर लावतो आणि सरळ झेपावतो. सरडा, उंदीर, नाकतोडा, जे हाती लागेल ते घेऊन पुन्हा फांदीवर. बहुतेक घुबडांचा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. हा दिवसाउजेडी शिकार करतो.

असा उघड्यावर बसणारा पक्षी शास्त्रज्ञांना तब्बल 113 वर्षं सापडला नव्हता. 1872 मध्ये ब्लेविट यांनी तो आजच्या छत्तीसगडच्या भागात टिपला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. फक्त एक अपवाद होता: 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ आपण हा पक्षी मारल्याचं ब्रिटिश सेनाधिकारी रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी सांगितलं होतं.

अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना त्या नमुन्यातच काळंबेरं दिसलं. संग्रहालयातलीच जुनी कातडी चोरून, नव्याने भरून, तिच्यावर खोटं ठिकाण आणि खोटी तारीख चिकटवली होती. म्हणजे मांडवीची नोंद बाद, आणि तिच्या भरवशावर केलेला शोधही चुकीच्या जागी. त्यांनी खऱ्या नोंदींचीच गावं धरली. नोव्हेंबर 1997 मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा समोर बसलेला दिसला. त्यानंतर शोध वाढला तसा तो मेळघाटातही मिळाला आणि इथली संख्या सर्वांत भरभक्कम असल्याचं लक्षात आलं.

इथे वाघाचा संबंध येतो. रानपिंगळ्याला अंडी घालायला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. ढोली धरण्याइतकं झाड म्हातारं व्हायला अनेक दशकं जावी लागतात, आणि सागाचं झाड तेवढं जगू देणं बाजाराला परवडत नाही. मेळघाटात वाघासाठी तोडीला लगाम बसला, गस्त वाढली, वणव्यांवर लक्ष राहिलं. कुणीही रानपिंगळ्याचं नाव न घेता त्याचं घर वाचलं. एका मोठ्या प्राण्याच्या नावाने राखलेल्या जंगलात असंख्य लहान जीव आपसूक राखले जातात. म्हणूनच वाघाला छत्री प्रजाती म्हणतात.

मात्र या छत्रीखाली सगळेच मावत नाहीत. रानपिंगळ्याला गच्च जंगल नको. विरळ, कोरडं, मध्येमध्ये मोकळी जागा असलेलं सागवन त्याला मानवतं, कारण जमिनीवरचं भक्ष्य दिसायला हवं. असं जंगल अनेकदा शेताच्या बांधाला लागून असतं. खानदेशातल्या त्याच्या जागा अशाच आहेत. 2014 मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला, तिथेही व्याघ्र प्रकल्प नाही. अशा ठिकाणी अतिक्रमण, सरपणासाठी होणारी तोड आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा त्याच्या मुळावर येतात. जागतिक लाल यादीत त्याला 2018 मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’ गटात हलवलं, ते नवी ठिकाणं समजल्यामुळे. धोका टळल्यामुळे नव्हे.

मेळघाटात सेमाडोह किंवा कोलकासला मुक्काम करणाऱ्यांनी हिवाळा निवडावा. तेव्हा सागाची पानं गळू लागतात, शेंडे मोकळे होतात आणि जोड्यांचे आवाज ऐकू येतात. सकाळच्या फेरीत गाइडला वाघाबरोबर रानपिंगळ्याचंही विचारावं. मोबाइलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा मोह मात्र टाळावा: हद्दीत दुसरा नर घुसल्याचं समजून तो ढोली आणि शिकार सोडून त्या आवाजामागे धावतो, आणि हा सगळा काळ त्याच्या विणीचा असतो.