तोलकाट्याचें वजन मोबाइलवर घेतांना येणाऱ्या अडचणी

इलेक्ट्रॉनिक तोलकाटा आतां बहुतेक गोदामांत व बाजारांत आला आहे. पुष्कळ काट्यांच्या पाठीमागें नऊ पिनांचें एक चपटें तोंड असतें, तिकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पडद्यावर दिसणारें वजन काटा त्या तोंडांतून अक्षरांच्या रूपानें बाहेर पाठवूं शकतो. तें तारेनें आपल्या मोबाइलमध्यें घेतलें असतां मापाड्यानें ओरडून सांगितलेला आंकडा ऐकण्यांत व लिहिण्यांत होणारी चूक टळते, आणि प्रत्येक तोलाची वेळेसह नोंद शेतकऱ्याच्या हातीं राहते. ही जोडणी पहिल्या प्रयत्नांत क्वचितच चालते. ती मुळींच न चालली तर फारसें बिघडत नाहीं, माणूस पुन्हां वहीकडे वळतो. अर्धवट चालली म्हणजे मात्र नुकसान होतें.

एका गोदामांत प्रस्तुत लेखकानें पाहिलेला प्रकार असा : काट्याच्या पडद्यावर कांद्याच्या गोण्यांचें वजन १३६.५ किलो स्पष्ट दिसत होतें, व फोनवर नोंद झाली ती ३६.५ अशी. एका तोलांत शंभर किलो गेले. कोणाचीही लबाडी नव्हती. यादी सायंकाळीं वहीशीं ताडून पाहिली नसती, तर पट्टी तशीच झाली असती. असें कां होतें तें पुढें सांगतों. आधीं जोडणीच होत नसेल तर काय पाहावें तें घेऊं.

यू.एस.बी. च्या व्यवहारांत एक यजमान असतो व दुसरा पाहुणा. संगणकास जोडलेला फोन पाहुणा असतो. काट्याशीं बोलतांना त्यास यजमान व्हावें लागतें. ही सूचना त्यास ओ.टी.जी. जोडपट्टी देते. जुन्या मायक्रो तोंडाच्या जोडपट्टींत पांचांपैकीं चौथी पिन ग्राउंडास जोडलेली असते. टाइप-सी तोंडांत हेंच काम ५.१ किलोओहमचा एक रोधक करतो. म्हणून चार्जिंगची साधी तार येथें उपयोगी नाहीं. कांहीं स्वस्त तारांत तर माहिती वाहणाऱ्या दोन तारा घातलेल्याच नसतात. परीक्षा सोपी आहे. जोडपट्टीस संगणकाचा माउस लावावा. पडद्यावर बाण उमटला तर फोन व जोडपट्टी दोन्ही ठीक. न उमटल्यास फोनच्या सेटिंगमध्यें ओ.टी.जी. चा वेगळा खटका आहे कीं काय तें पाहावें. कांहीं फोनांत तो असतो, व कांहीं मिनिटें काम न झाल्यास आपोआप मिटतो. चहा घेऊन परत येईपर्यंत जोडणी तुटते ती बहुधा यामुळेंच. अॅण्ड्रॉइड फोनांस यजमानपणाची ही सोय इ. स. २०११ मधील ३.१ या आवृत्तीपासून आहे. आयफोनमध्यें सामान्य ॲपला असल्या कन्व्हर्टरशीं बोलण्याची मुभा नाहीं. तो या कामास घेऊं नये.

जोडपट्टीनंतर कन्व्हर्टर. तो नऊ पिनांच्या तोंडाचाच घ्यावा. सुट्या पिनांच्या लहान पट्ट्या स्वस्त मिळतात, परंतु त्या ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालतात, काट्याच्या आर.एस.-२३२ तोंडावर दाब उणें १५ पासून अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊं शकतो. अशी पट्टी तेथें सरळ लावल्यास ती जळण्याची भीति असते.

कन्व्हर्टरमधील चिप बहुधा चार घराण्यांपैकीं असते : एफ.टी.डी.आय., सी.पी. २१०२, सी.एच. ३४० किंवा पी.एल. २३०३. फोनमध्यें या चिपची ओळख बहुधा ॲपनेंच बाळगावी लागते. म्हणून एका ॲपमध्यें 'उपकरण नाहीं' असें आलें तरी दुसऱ्यांत तेंच उपकरण दिसतें. शेवटच्या घराण्याच्या आवृत्त्या पुष्कळ व नकलाही पुष्कळ, तेव्हां शक्यतों ती टाळावी. तार घालतांच फोन परवानगी विचारतो. घाईंत 'नाहीं' दाबलें गेल्यास तार काढून पुन्हां घालावी.

आतां मुख्य प्रश्न : दोष फोनच्या बाजूस कीं काट्याच्या ? यासाठीं कागद टांचण्याची एक पिन पुरते. कन्व्हर्टर काट्यापासून सोडवावा, त्याच्या २ व ३ या पिना त्या तारेनें एकमेकींस जोडाव्या, आणि ॲपमध्यें कांहीं अक्षरें लिहून पाठवावीं. आपण पाठविलेलीं अक्षरें आपणाकडेच परत आलीं, तर फोन, जोडपट्टी, कन्व्हर्टर व ॲप हीं चारही निर्दोष ठरतात, आणि शोध पुढील तारेंत व काट्यांत करावयाचा राहतो. ॲपमध्यें स्वतःचें लिहिलेलें दाखविण्याची सोय असते. ती मात्र आधीं बंद करावी, नाहींतर परीक्षा फसवी होते.

पुढील तार सरळ हवी कीं उलट, हें मल्टीमीटर सांगतो. काटा चालू ठेवून मीटरचें काळें टोंक ५ या पिनेस व तांबडें २ ला, मग ३ ला लावावें. जिच्यावर ऋण दाब, उणें ५ ते १२ व्होल्टच्या सुमारास, दिसेल ती काट्याची बोलण्याची पिन. कन्व्हर्टर २ वर ऐकतो. काटा २ वर बोलत असल्यास सरळ तार, ३ वर बोलत असल्यास अदलाबदल केलेली. कांहीं काट्यांची पिनरचना निराळी असते. त्यांचें माहितीपुस्तक पाहावें.

आतां त्या हरवलेल्या शंभर किलोंकडे येऊं. काटा व फोन यांनीं अक्षरें एकाच गतीनें पाठविलीं व घेतलीं पाहिजेत. ही गति बहुधा ९६०० असते. १२००, २४०० व ४८०० ही आढळतात. ती चुकली तर सर्वच चिन्हें भलतीं येतात व चूक तत्काळ कळते. पॅरिटीची चूक अशी उघड होत नाहीं. पॅरिटी म्हणजे हिशेबांतील ताळाच होय. अक्षराचे सात अंक पाठवून काटा आठवा अंक असा जोडतो कीं, एकांची संख्या सम व्हावी. फोन तो आठवा अंकही अक्षराचाच समजूं लागला, तर ज्या आंकड्यांत एकांची संख्या मुळांत विषम आहे ते बिघडतात. ते आंकडे १, २, ४, ७ व ८. उरलेले ०, ३, ५, ६ व ९ आणि दशांशचिन्ह शुद्ध येतात. ॲप न समजलेलीं चिन्हें गाळीत असेल, तर १३६.५ मधील १ जातो व ३६.५ उरतो. ताळा विषम पद्धतीचा असल्यास उलट होतें, व दुसरा गट बिघडतो. अशा वेळीं ॲपमध्यें आठ अंकांऐवजीं सात अंक व काट्याच्या पद्धतीप्रमाणें सम किंवा विषम पॅरिटी निवडावी.

म्हणून शिक्का असलेलें एकच वीस किलोंचें वजन ठेवून परीक्षा पुरी झाली असें मानूं नये. त्यांत दोन तीन आंकडेच येतात. निरनिराळीं ओझीं ठेवून दहाही आंकडे पडद्यावर व फोनवर जुळवून पाहावे.

हीच चूक आणखी एका वाटेनें येते. काटा एकसारखा बोलत असतो आणि फोन मध्येंच ऐकूं लागतो. पहिली ओळ अर्धीच हातीं लागते, व १३६.५ चे पुन्हां ३६.५ होतात. पहिली ओळ नेहमीं टाकून द्यावी. कांहीं काटे वजन स्थिर असतां 'एस्.टी.' व हलत असतां 'यू.एस्.' अशीं अक्षरें आरंभीं लावतात. तेथें पहिल्या प्रकारच्याच ओळी नोंदींत घ्याव्या.

काट्याची गति किंवा पॅरिटी बदलावी लागल्यास तें काम त्याच्या कळांवरूनच करावें. वैधमापन खात्याची मोहोर असलेलें झाकण कोणत्याही कारणास्तव उघडूं नये; तोडलेल्या मोहोरेच्या काट्यावरील तोल कितीही खरा असला तरी व्यापारी तो मानणार नाहीं.